जायफळाची कॉफी

"निवृत्ती, भट्टीचं तोंड गार पडू देऊ नकोस रे!"

मंडळी, ऐका! हा आवाज तीस वर्षांपूर्वीचा. पिंपळबारीच्या मिरगणे बेकरीत एक म्हातारा खाटेवर पडला होता. हाताला आयुष्यभराचा मैदा. डोळे मिटता मिटता त्यानं मुलाला एवढंच सांगितलं. ना शेत सांगितलं, ना घर सांगितलं – भट्टी सांगितली! आणि निवृत्तीच्या कानात तो आवाज असा बसला, जसा तव्याला धूर बसतो. घासा, पुसा – जात नाही!

तर आज मी तुम्हाला एक सवाल टाकतो. गोड खोटं बरं, की कडू खरं? बोला! – अहो, बोला की! सगळे पुरुष बायकांकडं बघतायत! म्हणजे उत्तर ठाऊक आहे, पण परवानगी नाही. बरोबर ना हो, भालबा?

हे आमचे भालबा. वीस वर्षं कीर्तनात माझ्यामागं पेटी धरतायत. काहीही विचारा, मान डोलावतात. साथीदार असावा तर असा! असू द्या. ऐका.

निवृत्तीअण्णा आता पन्नाशीचे. विटांची भट्टी, लाकडाचा जाळ, सकाळी पाव, दुपारी खारी आणि नानकटाई. खारी अशी, की खाणाऱ्याआधी शर्टानं खावी! आणि एक दिवस काय झालं? समोर स्टँडच्या कोपऱ्यावर उघडला – कॅफे! काचेचं दार, आत मशीन. मशीन फुस्स करतं, पोरं खूश होतात. फुस्स केलं की कॉफी! आमच्याकडं काही मंडळी नुसतंच फुस्स करतात, त्यांना कोण विचारत नाही!

अण्णांचं गिऱ्हाईक तिकडं वळलं. दुपारची भट्टी निम्म्यावर आली. जुने लोक सांगायला लागले, "अण्णा, खारी काय कोरडी चावायची? काहीतरी गरम ठेवा की!"

चहा ठेवावा? पण शेजारी टपरी कुणाची? चुलतभावाची! चहा ठेवला की भाऊबंदकी उकळणार! मग राहिलं काय? कॉफी.

अण्णा घरात येऊन बोलले आणि मंडळी, बोलले तिथंच फसले! बायकोचा, हौसाबाईंचा चेहरा असा खुलला, असा खुलला –

"अवो, मग मी आहे की! तुम्हीच नव्हता का म्हणाला, अशी कॉफी जन्मात प्यालो नव्हतो म्हणून?"

अण्णा डोकं खाजवायला लागले. का? त्यासाठी सत्तावीस वर्षं मागं जावं लागेल. चला माझ्याबरोबर. तिकीट नाही!

निवृत्ती मामाला घेऊन मुलगी बघायला गेला होता. पाहुणे मोठे, म्हणून चहा नाही, कॉफी! आणि पाहुण्याच्या कॉफीत आपल्याकडं काय पडतं? जायफळ! किती पडतं? सहाणेवर दोन वेढे. इथं किती पडलं होतं, देव जाणे! पहिल्या घोटाला निवृत्तीच्या कानातून वाफ निघाली. दुसऱ्या घोटाला डोळ्यांत पाणी. पण समोर भावी सासरे मिशीवर हात ठेवून बसलेले. भला माणूस! कप रिकामा केला. "कशी झालीय?" असं विचारल्यावर खोटं बोलवेना, खरं सांगवेना. म्हणाला,

"अशी कॉफी मी जन्मात प्यालो नव्हतो!"

बघा, शब्द तेच! बोलणाऱ्यानं रडून टाकले, ऐकणाऱ्यांनी हसून झेलले. सासरे म्हणाले, "पसंत!" झालं, साखरपुडा! आणि परतीच्या एसटीत मामा-भाचे असे झोपले, की गाव मागं राहिलं, पुढची दोन गावं गेली, शेवटी कंडक्टरनं डेपोत उतरवलं!

तेव्हापासून दर एकादशीला हौसाबाईंची कॉफी. उपासाला चालते ना! अण्णा प्यायचे, "वा!" म्हणायचे, आणि दिवेलागणीपर्यंत घोरायचे. गाव म्हणायचं, काय हो एकादशी पाळतात! पाळत कसले, बेशुद्ध पडत होते!

भालबा, सूर द्या –

ओठाला गं कुलूप, किल्ली ठेवली उशाला
डोळं चहाडखोर, बाई, सांगून आलं देशाला!

तर फळा लागला, 'येथे घरगुती कॉफी मिळेल.' पहिल्या दिवशी गर्दी! फरांदे गुरुजी आले. खारी बुडवली, घोट घेतला, दुसरा घेतला – खारी कपात विरघळली, गुरुजी खुर्चीत विरघळले! बांधाच्या वादातले दोघं आले, बारा वर्षांचे वैरी. एका बाकावर तोंडं फिरवून बसले. अर्ध्या तासानं बघतो तर एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर! कोर्टानं जे केलं नाही ते जायफळानं केलं! एसटीचा कंडक्टर आला. बाहेर गाडी भोंगा वाजवतेय, उतारू शिव्या देतायत, आणि आत हा झोपेत तिकिटं फाडतोय!

हसता काय? अण्णांना हसू नव्हतं. पेंगणारे बाकं सोडेनात, नव्याला बसायला जागा नाही. दारातूनच लोक म्हणायचे, "ही बेकरी की धर्मशाळा?" आणि समोर जायचे. आठ दिवसांत खारी डब्यातच मऊ पडली. नवव्या दिवशी दुपारची भट्टी पेटलीच नाही.

अण्णा भट्टीसमोर उकिडवे बसले. विटांना हात लावला. आजवर त्या विटा आजीच्या मांडीसारख्या उबदार असायच्या. आज कोमट. उद्या? उद्या गार. आणि कानात तो आवाज – "निवृत्ती, तोंड गार पडू देऊ नकोस रे!" त्यांना वाटलं, जाताना आबा भट्टीचं तोंड म्हणाले, की माझं?

उठले. मागच्या खोलीत हौसाबाई सहाणेवर जायफळ उगाळत होत्या. गर्र, गर्र.

"हौसा..."

"काय वो?"

"...घरात मीठ आहे न्हवं?"

"आहे."

आले बाहेर! सत्तावीस वर्षांचं कुलूप मंडळी, एका हिसक्यात निघतंय होय? पुन्हा गेले. "हौसा, पाऊस येईलसं वाटतं." वर बघतात तर आभाळ लख्ख! तिसऱ्यांदा गेले, डोळे मिटले आणि म्हणाले,

"हौसा, तुझी कॉफी वाईट असती."

गर्र थांबली.

"कधीपासनं?"

"बघायला आलो तेव्हापासनं."

अण्णांना वाटलं, आता सहाण डोक्यात येणार. संसार गेला, भट्टीही गेली! एक डोळा हळूच उघडला. बघतात तर हौसाबाईंनी पदर तोंडाशी धरलेला, आणि खांदे हलतायत.

"रडू नको गं..."

"रडतंय कोण?" पदर बाजूला झाला. बाई हसत होत्या! "अवो, त्या दिवशी मी अख्खं जायफळ उगाळून घातलं होतं. आख्खं!"

"का?"

"तुम्ही नको म्हणावं म्हणून! मैत्रिणी म्हणायच्या, बेकरीवाल्याकडं जन्मभर मैद्यात लोळशील. दाराच्या फटीतनं मी बघत होते. म्हटलं, आता थुंकतोय, आता उठतोय. तर तुमच्या डोळ्यांतनं धार, आणि कप रिकामा! आणि वर म्हणता, अशी प्यालो नव्हतो. म्हटलं, ह्यो माणूस एक तर लई भला आहे, न्हाईतर लई लबाड."

"मग? काय ठरलं?"

"सत्तावीस वर्षं तेच तर शोधतेय! दर एकादशीला वाटायचं, आज बोलतील. न्हाईच! शेवटी म्हटलं, बायकोपुढं तोंड उघडत नाहीत, तर मामंजींच्या भट्टीसाठी तरी उघडतील."

"आणि भट्टी विझली असती तर?"

"विझू दिली असती व्हय मी? उद्या मीच साधी कॉफी करणार होते." मग आवाज जरा खाली आला. "पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. वाईट म्हणालात ना, आता चांगलं म्हणाल तेव्हा मला खरं वाटंल."

पाहा मंडळी! खोट्या 'वा'नं सत्तावीस वर्षं त्या बाईला उपाशी ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉफी झाली कडक, बिनजायफळाची. घोट घेतला की गुरुजींना पाढे उलटे आठवायचे! मग उगाळलेलं जायफळ टाकायचं कुठं? नानकटाईच्या पिठात! भट्टीतून तो घमघमाट सुटला, आणि काचेच्या दारामागची पोरं मशीनचं फुस्स सोडून रस्ता ओलांडून आली. नानकटाई कॉफीत बुडवायची, आणि डोळे टक्क उघडे! दुपारची भट्टी पेटली ती पेटलीच. जायफळ वाईट नव्हतं हो, बिचाऱ्याची जागा चुकली होती! आणि पहिली नानकटाई चावून अण्णा म्हणाले, "हौसा, अशी मी जन्मात खाल्ली नव्हती!" हौसाबाईंनी डोळे रोखले. "कशी म्हणजे? नीट सांगा!" "चांगली गं, चांगली!"

आता तुमच्याकडं वळतो. लपू नका खांबाआड! तुमच्या घरातही एक कप रोज रिकामा होतोय, आणि कुणीतरी खोटं 'वा' म्हणतंय. सून सासूला, बाप लेकाला, मित्र मित्राला. आज घरी जा, त्या माणसापुढं बसा, आणि गिळलेला एक शब्द मायेनं बाहेर काढा. कडू असला तरी चालेल, उगाळून द्या. देवाला आपला नैवेद्य चालतो, नाटक चालत नाही. बरोबर ना हो, भालबा?

– काय हो? आज मान का हलत नाही? बोला, बोला! भट्टी गार पडेल!

"बुवा, वीस वर्षं तुम्ही सूर काळी चारचा मागता आणि गाता काळी दोनमध्ये. मी गुपचूप पट्टी बदलतो."