सहा ओळींचं वाक्य

डेटनच्या दवाखान्यात गुडघ्याच्या एक्स-रेसाठी ताटकळलेल्या लोर्नाच्या शेजारी एक म्हातारं जोडपं येऊन बसलं. नवऱ्याच्या हातात कागद आणि पेन्सिल होती.

“व्हर्ना, माझ्या रिपोर्टात सहा ओळींचं एकच वाक्य आहे. तिसऱ्या ओळीला येईपर्यंत पहिली विसरतो मी.”

“डॉक्टर सांगतील ना आता, क्लाइड.”

“छत्तीस वर्षं फळ्यावर आडव्यातिरप्या रेघा मारून पोरांना वाक्यं सोडवायला शिकवलीस. नवऱ्याचं एक सोडव.”

“दमलेय रे मी.”

“मग मीच करतो. आधी कर्ता आणि क्रियापद शोधायचं, बाकीचं खोडायचं. हो ना?”

“हो.”

“‘मागच्या तपासणीशी तुलना करता’, हे खोडलं. ‘निश्चित सांगता येत नसलं तरी’, हेही गेलं.”

“ती पेन्सिल दे इकडे.”

“थांब गं, झालंच. उरलं एवढंच, गाठ वाढली आहे.”

लोर्नाने हातातल्या मासिकाचं पान उलटलंच नाही.

“तुला ठाऊक होतं, व्हर्ना.”

“रिपोर्टाचं पाकीट उघडलं तेव्हाच.”

“पर्समध्ये खोडरबर असेल ना तुझ्या?”

“आहे. कशाला?”

“त्या रेघा पुसून टाक. सहा ओळींचंच बरं होतं.”