मामा नाटकात उठले

अगं, ओवीच्या नाटकात आमच्या दादाने काय केलं, ते तुला सांगितलंच नाही! मुलांचं संगीत नाटक होतं आणि माझी ओवी जंगलात चुकलेली राजकन्या झाली होती. पाचवीतली पोर, पहिल्यांदाच स्टेजवर. भाचीचं काम बघायला दादा खास नामपूरहून नाशिकला आला. त्याने आयुष्यात कधी नाटक पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या अंकात ओवी एकटी उरते आणि गाते, ‘अंधार पडला, वाट हरवली, कुणी मला घरी नेईल का?’ पोरगी इतकं मनापासून गायली, की सगळं सभागृह चिडीचूप झालं. तेवढ्यात माझ्या शेजारून दादा ताडकन उठला.

“रडू नको माय, मी शे ना आठे!”

त्याचं ते अहिराणीतलं ‘मी आहे ना इथे’ ऐकून लोक खो खो हसायला लागले. मी दादाचा शर्ट ओढतेय आणि तिकडे ओवीचे ओठ थरथरताहेत. म्हटलं, आता ही खरंच रडणार.

पण ती त्याच चालीत गायली, ‘मामा, जरा खाली बसा ना, राक्षस अजून यायचा आहे!’

काय टाळ्या पडल्या!

प्रयोग संपल्यावर नाटक बसवणारे सर आमच्याकडे आले. मी माफी मागणार, तोच ते दादाला म्हणाले, “पुढच्या रविवारी पुन्हा प्रयोग आहे. याल का? अगदी तिथेच उठायचं.”

दादाने गंभीरपणे विचारलं, “येसू ना सर. पन तालीम कव्हय शे, कोनत्या दिवशी?”