न चोरलेल्या आढ्याबाबत

लेर्खाख पोलीस ठाणे. शुक्रवार, १७ मे. सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.

नाव: नोटबुर्गा होलेनत्सर, गावात बुर्गल म्हणतात. वय: ६१ वर्षे. धंदा: शेती व बारा गाई. राहणार: मिटरहोफ, लेर्खाख, दक्षिण टिरोल.

मी आज कोणी बोलावलं नसताना, आपल्या पायांनी ठाण्यात येऊन ठाणे अंमलदार लोसुर्दो यांच्यासमोर सांगते की, मी वरील पत्त्यावर जन्मापासून राहते. माझे पती इग्नात्स चौदा वर्षांपूर्वी वारले. वडिलांमागे शेत माझ्याकडे आलं. वरच्या अंगाचं घर आणि सुतारकामाची हत्यारं माझा थोरला भाऊ कासियान प्लांक याच्याकडे गेली. वाटणीवरून आमच्यात कधी वाद नव्हता. माझं व भावाचं सहा वर्षं बोलणं नाही.

माझी तक्रार अशी आहे की, माझ्या नव्या गवताच्या कोठाराचं आढं गेले अठरा दिवस रस्त्याच्या कडेला पडून आहे आणि ते अजून कोणीही चोरलेलं नाही.

अंमलदारांनी हे वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "बाई, चोरी झाली नाही, ही तक्रार?" मी हो म्हटलं. "मग गुन्हा काय?" मी म्हटलं, "तेच तर सांगतेय साहेब, झालाच नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दोघांसाठी कॉफी मागवली. कॉफी चांगली होती.

अंमलदार खालच्या समुद्राकडचे आहेत आणि इथे येऊन त्यांना आठच महिने झालेत, म्हणून खुलासा करते. आमच्याकडे लाकडी सांगाडा उभा राहतो तेव्हा आढं चढवण्याआधी ते शेजाऱ्यांनी पळवायचं असतं. दिवसाढवळ्या, मालकाच्या नाकावर टिच्चून. मग मालकाने शोधत जायचं, चोरांना पोटभर खायला-प्यायला घालायचं आणि चोरांनीच ते वाजतगाजत परत आणून वर चढवायचं. पहिला हात वरच्या अंगाच्या शेजाऱ्याने लावायचा. त्याने लावल्याशिवाय बाकीचे लावत नाहीत. माझा वरच्या अंगाचा शेजारी कोण, हे वर आलेलंच आहे.

सहा वर्षांपूर्वी मार्चमधल्या बर्फाने आमचं जुनं कोठार बसलं. ते आमच्या खापरपणजोबांनी उभं केलेलं होतं, एकही खिळा नव्हता, सगळं खाचा आणि खुंट्यांवर. कासियान म्हणाला, "मी परत उभं करतो, पण घाई करायची नाही. दोन उन्हाळे लागतील." मी म्हटलं, "दोन उन्हाळे माझ्या गाई काय तुझं तोंड बघत बसतील?" आणि शहरातून पत्र्याची शेड मागवली. चार दिवसांत उभी राहिली. त्याच आठवड्यात मी खानावळीत सगळ्यांसमोर म्हणाले की, लाकडाच्या नादी लागतात ते वेडे. कासियान कोपऱ्यातल्या बाकावर बसलेला होता हे मला माहीत नव्हतं. माहीत होतं. दुरुस्ती करून लिहावं.

पत्र्याच्या शेडमध्ये गवताला घाम येतो, बुरशी धरते. हे मी पाच वर्षं कोणाला सांगितलं नाही. गेल्या नोव्हेंबरात वादळ झालं आणि छपराचे पत्रे उडून कासियानच्या सफरचंदांवर पडले. सात झाडं मोडली. त्याने ते पत्रे एकावर एक नीट रचून बांधावर ठेवले, वर दगड ठेवला आणि निघून गेला. शिवीसुद्धा दिली नाही. त्याचं मला जास्त लागलं. मार्चपासून त्या पत्र्यांतले दोन कमी झालेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

यंदा मी लाकडी कोठार बांधायला काढलं. काम पलीकडच्या खोऱ्यातल्या फिगिल सुताराला दिलं. कासियानकडे गेले नाही. का गेले नाही, हे लिहून घ्यायची गरज नाही.

फिगिलने २९ एप्रिलला अकरा मीटरचं लार्चच्या लाकडाचं आढं तासून अंगणात ठेवलं. त्या दिवसापासून मी माझ्याकडून जे करता येईल ते केलं. कुत्र्याला गोठ्यामागे बांधलं. आढं अंगणातून रस्त्याच्या कडेला आणवलं. उचलायला सोपं जावं म्हणून खाली गोल ओंडके सरकवले. दुकानात मोठ्याने सांगितलं की, रविवारी नऊ ते बारा मी घरी नाही. ५ तारखेच्या रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले, प्रार्थना संपल्यावरही जपमाळ घेऊन बसून राहिले. फादर विचारायला आले, "बुर्गलबाई, काही झालंय का?" मी म्हटलं, "अजून नाही." घरी आले तर आढं जागच्या जागी आणि त्यावर दुकानवालीची मांजर झोपलेली.

बुधवारी, ८ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास मी खिडकीतून पाहिलं तर पोस्टमन आढ्याचं एक टोक धरून ओढत होता. मी वाइनचा जग आणि दोन पेले घेऊन पळत बाहेर गेले. तो घाबरला. म्हणाला, "माफ करा काकू, गाडी वळवायची होती," आणि माझ्यादेखत आढं जसं होतं तसं परत ठेवलं. मी त्याला म्हटलं, "अरे, थोडं तरी ने." तो म्हणाला, "माझी ड्यूटी आहे." शनिवारी बोलोन्याचं एक जोडपं थांबलं, त्यांनी पावलांनी आढं मोजलं. माझी आशा वाढली. त्यांनी त्यावर बसून फोटो काढले आणि गेले.

चोरांसाठी मी गोड सारण भरून तळलेल्या क्राप्फनचे चार घाणे केले. त्यातले तीन मी, फिगिल आणि त्याची माणसं मिळून खाल्ले. माझं वजन वाढलंय.

फिगिलला मी ११ तारखेलाच म्हटलं होतं, जाऊ दे, चढवून टाक. त्याने पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाला, "न चोरलेलं आढं मी चढवत नाही." मी म्हटलं, "का? पडतं?" तो म्हणाला, "पडत नाही. पण त्याखाली उभं राहायला बरं वाटत नाही." फिगिल उद्यापर्यंतच आहे. सोमवारी त्याचं दुसरं काम सुरू होतं, मग तो सप्टेंबरात येणार. गवत जूनमध्ये कापायचं. म्हणजे आज आढं चोरीला गेलं नाही तर यंदाचं सगळं गवत उघड्यावर. पण साहेब, ताडपत्री टाकून गवत मी कसंही वाचवीन. बिनचोरीच्या आढ्याखाली उरलेला जन्म काढायचा, ते मला जमणार नाही. पत्र्यासारखंच ते, मी एकटीने विकत आणलेलं.

अंमलदारांनी विचारलं, कोणावर संशय आहे का. होय, आहे. माझा भाऊ कासियान याच्यावर संशय आहे की, त्यानेच जाणूनबुजून चोरी होऊ दिली नाही.

याला पुरावा आहे. मंगळवारी, १४ तारखेला दुपारी बारा वाजता कासियान एकटा रस्त्याने खाली आला. मी स्वयंपाकघरात पडद्यामागे होते. तो आढ्यापाशी थांबला. टोपी काढली नाही, पण हात मागे बांधले. मग वाकून त्याने आढ्यावरून तळवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गाईच्या पाठीवरून फिरवतो तसा. भात करपला तरी मी हलले नाही. शेवटच्या खाचेपाशी त्याने मान हलवली. खिशातून पेन्सिल काढली, काहीतरी केलं आणि आला तसा वर निघून गेला.

मी जाऊन पाहिलं. खाचेच्या बाहेर दोन बोटांवर त्याने एक रेघ ओढून फुली मारली होती. म्हणजे खाच चुकली आहे. सहा वर्षांत तोंडातून शब्द नाही आणि पहिला निरोप काय, तर चूक काढली. मला इतका राग आला की मी पुसायला फडकं घेऊन गेले. पुसलं नाही. फिगिलला बोलावलं. त्याने तीनदा मोजलं आणि कानापर्यंत लाल झाला. खाच खरोखरच दोन बोटं आत पडली होती, शेवटचा खांब वाकडा उभा राहिला असता. बुधवारी त्याने खाच नीट केली, आत पाचर ठोकली. पेन्सिलची फुली तो रंध्याने काढून टाकणार होता. मी म्हटलं, "त्या फुलीला हात लावलास तर याद राख." तो म्हणाला, "दिसेल ती." मी म्हटलं, "दिसू दे."

काल गुरुवार, सबंध दिवस वाट पाहिली. कोणी आलं नाही. म्हणून आज ठाण्यात आले. पोलिसांनी कासियानला समज द्यावी, एवढंच मागणं आहे. अंमलदार म्हणाले, "बाई, चोरी कर म्हणून मी कोणाला समज देऊ शकत नाही." मी म्हटलं, "तुमच्या पुस्तकात बघा, इतकं जाड पुस्तक आहे." त्यांनी खरंच पाहिलं. सापडलं नाही.

१० वाजून ५० मिनिटांनी बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. अंमलदार खिडकीशी गेले आणि म्हणाले, "तुमचं आढं किती लांब आहे म्हणालात?" मी म्हटलं, "अकरा मीटर." ते म्हणाले, "मग या वळणावर बसणार नाही." मी खिडकीशी गेले. मिटरहोफवरून कासियानच्या घरी जायचा रस्ता वर जातो, ठाण्यावरून जात नाही, ही गोष्ट नोंदवून घ्यावी.

आढं ट्रॅक्टरच्या मागच्या गाड्यावर होतं. एक टोक ठाण्याच्या कुंड्यांना टेकलं होतं आणि दुसरं बसस्टॉपमध्ये घुसलं होतं. आठ माणसं ओढत-ढकलत होती. दुकानवाली होती, फादर होते आणि पोस्टमन होता. त्याची ड्यूटी होती. मागे साडेदहाची बस अडकून हॉर्न वाजवत होती. ट्रॅक्टर कासियान चालवत होता. अंमलदार टोपी घालून वाहतूक सांभाळायला बाहेर गेले. मी खिडकी उघडली. वेळ १० वाजून ५५ मिनिटे.

मी म्हटलं, "कासी, काय नेतोयस?"

तो म्हणाला, "लाकूड."

"कोणाचं?"

"काय की. अठरा दिवस रस्त्यावर पडलं होतं. म्हटलं कोणाला नको असेल."

मी म्हटलं, "अठरा दिवस डोळे फुटले होते का तुझे?"

तो म्हणाला, "डोळे शाबूत आहेत म्हणून तर थांबलो. चुकलेल्या खाचेचं आढं चोरायला मी काय कालचा सुतार आहे? लोक मला हसले असते."

मी म्हटलं, "मग पहिल्याच दिवशी सांगायचंस."

तो म्हणाला, "मला वाटलं तू विचारशील."

यावर मी काय म्हणाले ते आठवत नाही. बस फार हॉर्न वाजवत होती.

मग त्याने विचारलं, "क्राप्फन आहेत का?" मी म्हटलं, "एक घाणा उरलाय, तोही शिळा." तो म्हणाला, "ताजे कर. खसखशीचे. नाहीतर आढं मिळणार नाही." मी म्हटलं, "आणि माझे दोन पत्रे कुठे गेले?" त्याने टोपी मागे सरकवली. म्हणाला, "कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलेत. आत कोरडं राहतं, खोटं कशाला बोलू." फादर हसले. मीही हसले, ते लिहायला हरकत नाही.

११ वाजून ५ मिनिटांनी आढं वळण पार करून गेलं. खिडकीखालून जाताना फुली अजून तशीच दिसली. अंमलदार आत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही तळव्यांना लार्चचा चीक लागलेला होता. त्याबद्दल मी काही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यांनी मला विचारलं, आता चोरीची तक्रार नोंदवायची का. मी नाही म्हटलं. सदर नऊ इसमांपैकी मी कोणालाही ओळखत नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्याचं कपाळ आमच्या आईसारखं होतं, पण तेवढ्यावरून कोणाचं नाव घेणं योग्य नाही. माझी सकाळची तक्रार मी मागे घेते. उद्या दुपारी आढं चढेल, तेव्हा चोरांच्या पंगतीला अंमलदारांनी यावं, हे तोंडी सांगितलेलं आहे, कागदावर नको असेल तर खोडावं.

हा जबाब अंमलदारांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. मी म्हटलं तसाच तो उतरला आहे. फक्त वर पहिल्या परिच्छेदात, "माझं व भावाचं सहा वर्षं बोलणं नाही," असं लिहिलं आहे. ते खोडू नये, तेव्हा ते खरं होतं. त्यापुढे एवढंच घालावं: १० वाजून ५५ मिनिटांपर्यंत.

(सही) नोटबुर्गा होलेनत्सर