फोनवरचा सांगहो

दक्षिण कोरियातल्या मोक्पोच्या बँकेत मी नंबराची वाट बघत बसले होते. शेजारी बाजारातल्या दोन मासळीवाल्या बोलत होत्या.

“ओकबुनताई, आवाज खरंच तुझ्या सांगहोचा होता?”

“अगं माल्सुन, हुबेहूब! तस्साच घोगरा. ‘आई, अपघात झालाय, लगेच पैसे टाक’ म्हणाला. रडत होता गं.”

“अगं बाई! यंत्राला रडताही येतं?”

“बोलतो भलताच कुणी, यंत्रातून ऐकू येतो माझा पोरगा. तो गाण्याचे व्हिडिओ टाकतो ना, त्यातून आवाज चोरतात म्हणे. बँकेतल्या मुलीनं सांगितलं.”

“काटा आला बघ अंगावर. मग पाठवलेस पैसे?”

“छे! पहिल्याच शब्दाला कळलं, हा आपला नव्हे.”

“ते कसं?”

“‘आई’ म्हणाला ना. बाप गेल्यावर भांडण झालं, तेव्हापासून सांगहोनं मला हाक मारलेली नाही.”

“मग फोन आपटायचास!”

“नाही आपटला. ‘ऐकू येत नाही रे, पुन्हा सांग’ म्हणत राहिले.”

“आणि तो?”

“तो बिचारा दरवेळी पहिल्यापासून सुरू करायचा. ‘आई’पासून.”