चमचाभर दही

बीडच्या एका दवाखान्यात मावशीच्या तपासणीसाठी बसलो होतो. शेजारी तलवाड्याच्या दूध सोसायटीचे चेअरमन सुंदरराव आणि त्यांच्या पत्नी विमलबाई. सुंदररावांच्या स्वादुपिंडात गाठ होती. सिस्टर समोर उभ्या होत्या.

“सिस्टर, पोट फाडणार न्हाई ना?”

“नाही काका. तोंडातून दुर्बीण जठरात जाईल. तिच्या टोकाच्या सोनोग्राफीत गाठ दिसली, की बारीक सुईनं तुकडा घेतील. कॅन्सर आहे की साधी सूज, ते तुकड्यावरून कळेल. रात्रीपासून उपाशी आहात ना?”

“एकदम कडक.”

“अवो, दही-साखर?”

“गप बस.”

“सिस्टर, सकाळी निघताना मी यांच्या हातावर दही-साखर ठिवलती.”

“चमचाभर. त्याला काय खाणं म्हणतेत?”

“काका, गुंगीत तेच उलटून फुफ्फुसात जातं. आता तुमचा नंबर सगळ्यात शेवटी.”

सिस्टर आत गेल्या.

“चेअरमनला शेवटी टाकलं. कावून बोललीस?”

“फुफ्फुसात गेलं असतं मंजे?”

“दही तूच दिलंस.”

“दुष्काळानं जनावरं चारा छावणीत, गावात दूध न्हाई. शेजारच्या छबुबाईकडून मागून आणलं. गाठ साधी निघावी म्हणून दिलं.”

“त्याच्यापायी आता दुपारपर्यंत उपाशी. तू तरी कँटीनला खाऊन ये.”

“तुमचं झाल्यावर खाईन.”

“तुझी कुठं तपासणी हाय?”

“गाठ साधी निघावी म्हणून माझा बी उपास.”