पालथे शिंपले

लेक : बाबा, बसा हो एका जागी. दहा वेळा खिडकीशी जाऊन आलात.

बाबा : दारात तुझा ट्रॅक्टर धडधडतोय आणि मी बसू? शिंपल्यांच्या ढिगाला हात लावायचा नाही, सांगितलं ना एकदा.

लेक : सुरय पक्षी आज सकाळी बांधापलीकडे दिसले, समुद्राच्या बाजूला. उद्या-परवा आत येतील. तळ्यातल्या बेटावरचं गवत कालच काढलंय, पण आठ दिवसांत पुन्हा हिरवं होईल. गवतात ते अंडी घालत नाहीत. त्यांना शिंपल्यांची उघडी जागा लागते.

बाबा : खारं पाणी होतं तेव्हा उगवत होतं का काही? भरती यायची, बेट धुऊन जायची. बांध घालून खाडीचं तळं कुणी केलं? तुझ्याच खात्याने. माझी होडी चुलीत गेली. आता शिंपले मागायला माझ्याच दारात.

लेक : तेव्हा मी सहा वर्षांची होते. माझ्यावर कशाला काढता?

बाबा : पगार कोण देतं तुला?

लेक : तेच. आणि तेच म्हणतात, यंदा एकही घरटं झालं नाही तर बेट बोटक्लबला देऊन टाकू.

बाबा : मग आणा शिंपले दुसरीकडून.

लेक : कुठून? गोड्या पाण्यात ते होत नाहीत. गेल्या वर्षी खडी टाकून बघितली, तर...

बाबा : दोन दिवस घिरट्या घातल्या आणि गेले.

लेक : तुम्ही तर तळ्याकडे बघतही नाही म्हणता.

बाबा : खिडकी तिकडेच आहे. डोळे मिटून बसू का?

लेक : आई असती तर एव्हाना पाट्या भरून दिल्या असत्या तिने.

बाबा : तिला मध्ये आणू नकोस. तो ढीग तिचा आहे. बांधाचे दरवाजे बंद झाले त्या संध्याकाळपर्यंत इथे बसून शिंपले फोडत होती. मी म्हटलं, चुन्याच्या भट्टीला देऊ. तर म्हणाली, राहू दे, असे पुन्हा मिळायचे नाहीत.

लेक : कशासाठी राहू दे, ते नाही बोलली?

बाबा : नाही.

लेक : बरं. पाठवते ट्रॅक्टर परत. तुमचं मन मोडून नाही न्यायचं मला काही.

(बाहेर ट्रॅक्टरचा आवाज थांबतो.)

बाबा : पसरणार कसे होतात?

लेक : कसे म्हणजे? ओतायचे, फावड्याने सारखे करायचे.

बाबा : झालं. उताणा शिंपला वाटीसारखा पाणी धरतो. अंडं गार पडलं की संपलं. वरचा थर हाताने पालथा घालावा लागतो, एकेक.

लेक : एवढ्या बेटावर? आम्ही तिघंच आहोत, बाबा.

बाबा : चौघं. माझे गमबूट कुठे टाकलेस?

लेक : त्या तळ्यात पाऊल टाकणार नाही म्हणाला होतात. तीस वर्षं ऐकतेय.

बाबा : तळ्यात कुठे टाकतोय? बेटावर टाकतोय. चल, ट्रॅक्टर चालू करायला सांग.

लेक : आणि ढिगाखालची जागा? उजाड दिसेल. आईच्या नावाने फुलझाडं लावू तिथे?

बाबा : काही लावू नकोस. मोकळीच राहू दे. बेट नाही आवडलं पाखरांना, तर इथे तरी बसतील.