अंगरख्यातला टीव्ही

उलानबातरच्या इस्पितळाकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत एक म्हातारा लेकीच्या आधाराने उभा होता.

“आबा, टीव्ही हिवाळ्यापुरता माळावरच्या कोठारात ठेवलाय खरा, पण त्याला तुमचा अंगरखा कशाला गुंडाळायचा? वडीलधाऱ्यांचा अंगरखा असा वस्तूला घालतात होय?”

“अंगरखा माझा, मर्जी माझी. वसंतात तुम्ही माळावर परतलात की चूल पेटव, मग टीव्ही तंबूत आण. पण अंगरखा लगेच सोडू नकोस. गार टीव्हीला ऊब लागली की आत पाणी धरतं. तू तर आईसारखी उतावळी, लावशील नि जाळशील.”

“ते वसंतात सांगा की. आत्ता कशाला?”

“आत्ताच ऐकून ठेव, पोरी.”

रांग पुढे सरकली. लेक जागची हलली नाही.

“किती वेळ गुंडाळून ठेवायचा म्हणालात, आबा?”

“रात्रभर.”